निकीतासला आणायला

झाबेताला समुद्र कधीच मानवला नाही. किमोलोससारख्या लहानशा बेटावर जन्मून, तिथेच लग्न करून आणि तिथेच म्हातारी होऊनही, बोट धक्क्यापासून हात-दोन हात सरकली की तिच्या पोटात ढवळू लागे. त्यामुळे मुख्य भूमीवरच्या पिरेअस बंदराला जाणे तिने आयुष्यभर टाळले. जाणे-येणे निकीतासच्या वाट्याला आणि धक्क्यावर उभे राहणे तिच्या, अशी वाटणी त्या नवरा-बायकोने न बोलता करून घेतली होती.

आमचे घर आणि त्यांचे घर यांच्यात एकच भिंत. ती माझी नात्याने कोणी नव्हे, पण मी तिला मावशी म्हणत असे. पुढे शिकून मी पिरेअसच्या एका शाळेत शिक्षिका झाले, तेव्हा बेटाच्या रीतीप्रमाणे सुट्टी संपवून परतताना तिचे डबे निकीतासकडे पोचवण्याचे काम माझ्याकडे आले. शेळीच्या दुधाचे चीज, खारवलेल्या केपरच्या कळ्या, कांदा-टोमॅटो पसरून भाजलेली जाड रोटी, लादेनिया. त्यांचा संसार मला कळला तो बहुतांशी या डब्यांवरून. दोघांना एकत्र पाहण्याचे प्रसंगच थोडे.

लग्न झाले तेव्हा निकीतास बेटावरच्या पांढऱ्या मातीच्या खाणीत होता. खाणीतले काम आटत गेले तसे गावातले पुरुष एकेक करून पिरेअसच्या शेजारच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत गेले. त्यांच्यात तोही गेला. रिकाम्या तेलवाहू जहाजांच्या टाक्यांत उतरायचे आणि आतून त्या खरवडायच्या. राहायला थोरली बहीण फ्रोसो हिच्याकडे मागची खोली. ईस्टरला घरी, ऑगस्टमध्ये घरी, आणि मधले सारे महिने टाकीत. त्या लोखंडाच्या पोटातली थंडी त्याच्या हाडांत कायमची शिरली होती. भर ऑगस्टमध्ये कॉफीच्या दुकानाबाहेर तो अंगात स्वेटर घालून बसे आणि दुकानदार त्याला विचारी, "काय निकीतास, शेगडी पेटवू का?"

"पेन्शन झाली की येतोच," असे तो प्रत्येक वेळी म्हणे. झाबेता ते इतरांना सांगताना त्याचे शब्द बदलत नसे. पेन्शन झाली की येतोच.

पेन्शन झाली. सामान बांधायच्या आधीच त्याच्या छातीने दगा दिला. झाबेता लिंबू हुंगत समुद्र ओलांडून गेली, हिवाळाभर इस्पितळातल्या खुर्चीवर बसून राहिली, आणि जानेवारीत तो गेला. त्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला होता. बंदरातून एकही जहाज सोडत नव्हते. वारा पडेपर्यंत मृतदेह आहे तिथेच, शीतगृहात ठेवता येईल, असे इस्पितळातल्या लोकांनी सांगितले. शीतगृह हा शब्द तिने त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतला. मग ती म्हणाली, "त्याला तिथून काढा. आजच काढा." म्हणून निकीतास पिरेअसच्या मातीत गेला.

तिथल्या दफनभूमीत जागा मिळते ती तीन वर्षांपुरती. नंतर अस्थी काढून जागा मोकळी करून द्यावी लागते. मागे रांग असते. आमच्याकडेही अस्थी काढतातच. त्या वाइनने धुतात, पांढऱ्या कापडात गुंडाळतात आणि पेटीत घालून दफनभूमीतल्या चर्चमागच्या खोलीत आपल्या माणसांशेजारी ठेवतात. म्हणून ही मुदत झाबेताला संकट वाटली नाही. उलट गेल्या कित्येक वर्षांत निकीतासच्या कायमच्या येण्याची नक्की तारीख तिला प्रथमच मिळाली होती. कोणी विचारले तर ती सांगे, "तीन वर्षांनी येतोय." तिला मूलबाळ नव्हते. तो तिथून निघून आपल्या बेटावर, आपल्या आईबापांच्या पेट्यांमध्ये येऊन बसला की आपले सगळे झाले, असे ती म्हणत असे, आणि ती शोभेचे बोलणाऱ्यांतली नव्हती.

मुदत जानेवारीत भरली, पण समुद्र निवळून निघायचे ठरले तेव्हा ईस्टर नुकता झाला होता. मी सुट्टी संपवून परतणार होते. ती माझ्याबरोबर निघाली. पत्र्याची पेटी तिने आधीच करून घेतली होती आणि तिच्यावर निळ्या रंगात निकीतासचे नाव काढून घेतले होते. कापड स्वतः शिवले होते. अस्थी कोणी धुवायच्या, वाइन कोणाच्या पिंपातली, गव्हाचा प्रसाद कोण शिजवणार, सगळे ठरले होते. पाद्री याकोवोस यांनी खोलीतल्या फळीवर जागा झाडून ठेवली होती. आमची दुसरी शेजारीण मोस्खा, जिच्या तोंडाला बेटावर सगळेच भीत, ती दारात उभी राहून म्हणाली, "जिवंतपणी जेवढा राहिला नाही तेवढा आता राहील बघ. आणि तोंड वर करून जेवायलाही मागणार नाही."

"तू गप गं."

"गप कशाला? चांगलंच बोलतेय. आमचा तर रोज मागतो."

एरवी पिरेअसला निघालेल्या माणसाच्या हातात सगळे गाव आपापली गाठोडी कोंबते. त्या दिवशी कोणीही काही दिले नाही. परतताना तिच्या हातांत काय असणार, हे सर्वांना माहीत होते. ते हात जाताना रिकामेच असावेत, असे न सांगता सर्वांना वाटले असावे.

बोटीत तिने पेटी खरेदीच्या पिशवीत घालून पायांशी ठेवली होती. दोरखंड सांभाळणारा खलाशी लिनार्दोस हा आमच्याच गावचा. तो जाता जाता थांबला आणि ईस्टरनंतरच्या दिवसांतले अभिवादन त्याने केले.

"ख्रिस्त उठला, झाबेतामावशी."

"खरंच उठला, बाबा."

"पिशवीत काय दडवलंय? चीज असेल तर एक तुकडा इकडे. तुमचं ओझं तेवढंच हलकं."

"निकीतासची पेटी आहे. त्याला आणायला चाललेय."

लिनार्दोसने टोपी काढली, पुन्हा घातली. थोड्या वेळाने तो न मागता तिच्यासाठी कॅमोमाइलचा चहा घेऊन आला. "परतताना त्यांना खाली गाड्यांत ठेवू नका," तो म्हणाला. "इथं वर, माणसांत. मी जागा धरून ठेवतो."

सिफ्नोसचे बेट मागे पडले, सेरिफोस मागे पडले. तिला मळमळत होते, तरी ती त्या दिवशी बोलत होती. मी तिला इतकी बोलताना क्वचितच ऐकले होते.

"पाद्रीबुवा म्हणतात, आईच्या बाजूला ठेवू. मी म्हटलं, मध्ये ठेवा, पण जरा बापाकडे सरकवून. सासूबाईंचं नि त्याचं कधी पटलं नाही."

"आता काय भांडणार आहेत, मावशी?"

"तू ओळखत नव्हतीस सासूबाईंना."

आणि थोड्या वेळाने, खिडकीबाहेर न बघता: "रविवारी जाऊन दिवा लावत जाईन. चालत दहा मिनिटं. बोट नाही, वारा नाही. कोणाला विचारायला नको, की आज सोडतात का नाही."

पिरेअसला फ्रोसो धक्क्यावर आली होती. ती झाबेतापेक्षा बरीच मोठी, गुडघ्यांनी अधू, आणि तिची सारी ताकद आवाजात. तिने भावजयीला मिठी मारली आणि लगेच म्हणाली, "किती वाळलीस! तिकडे खातेस काय, दगड?" घरी नेऊन तिने मसुरांचे सूप वाढले आणि झाबेताने ते संपवेपर्यंत समोरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी दफनभूमीत गेलो. टेकडीच्या उतारावर संगमरवराची रांगच रांग, खाली गोदीतल्या क्रेन, त्यांच्यापलीकडे समुद्र. फ्रोसोने धूप पेटवला. खणणारा माणूस पन्नाशीचा, दोन्ही खांद्यांना वेदना असल्यासारखा वाकून चालणारा. त्याने वरचा लहान क्रूस बाजूला ठेवला आणि शांतपणे कामाला लागला. माती चांगली सुटत होती. झाबेता कापड उलगडून दोन्ही हातांवर धरून उभी होती, अंघोळीनंतर मुलाला पुसून घ्यायला उभे राहावे तशी.

फावड्याला आधी लागले ते शवपेटीचे लाकूड नव्हते; ते केव्हाच कुजून खचले होते. मऊ, फुगीर काहीतरी होते. त्याने हाताने माती झाडली. तपकिरी रंगावर मोठमोठे गुलाब दिसले. तीन वर्षे मातीत राहूनही त्यांचा लाल रंग गेला नव्हता.

"ही कांबळ कोणाची?" त्याने विचारले.

"माझी," झाबेता म्हणाली. "म्हणजे वन्संच्या घरातली. मी गुंडाळली. त्याला शीतगृहात ठेवलं होतं."

बेटावर असे कधी झाले नसते. तिथे मृताला कपडे चढवताना मोस्खासारख्या चार जणी भोवती असतात आणि कांबळ काढलीच असती तर त्यांनी ती हातातून हिसकावून घेतली असती. मातीत जाणाऱ्याच्या अंगावर साधी चादर, एवढेच आमच्याकडे ठाऊक. पण त्या आठवड्यात पिरेअसमध्ये तिच्याभोवती कोणी नव्हते; मीही त्या वेळी शाळेत होते. फ्रोसो रडत होती आणि नव्या सुटात निजलेल्या निकीतासचे हात बर्फासारखे होते.

त्या माणसाने कांबळीचे एक टोक उचलून आत पाहिले आणि पुन्हा खाली सोडले. तो वर आला. फावडे टेकवून त्याने घाम पुसला.

"आजी, अजून झालेलं नाही."

"म्हणजे?"

"मातीनं घेतलं नाही. हे सगळं नायलॉन आहे. आत सूटही तसाच. यात माणूस नीट राहतो." तो थांबला. "आपल्याला नीट राहायला नको असतं ना."

झाबेताच्या हातांवरचे कापड तसेच होते. फ्रोसोने छातीवर क्रूसाची खूण केली. जुनी माणसे अशा वेळी जे मानतात, तेच तिच्या मनात आले.

"कोणाच्या तरी मनात त्याच्याबद्दल काही राहिलंय," ती म्हणाली. "तू बोल, झाबेता. तीनदा बोल, त्याला ऐकू जाईल असं."

"काय बोलू, वन्सं?"

"की माफ केलं."

"कशाबद्दल?"

"असेलच काहीतरी! बाईच्या मनात नवऱ्याबद्दल काही नसतं होय? देवासमोर उभी आहेस. लाजू नकोस."

"बाई, ते कापडामुळं आहे," खणणारा हळूच म्हणाला, पण फ्रोसोने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

झाबेताने पुष्कळ विचार केला. शेवटी ती म्हणाली, "मारलं नाही. प्यायला नाही. दुसरी बाई असेल तर मला माहीत नाही. तो आला नाही, एवढंच आहे." मग फ्रोसोकडे वळून, अगदी सरळ, तिने विचारले, "ते माफ केलं म्हटलं, तर येईल का?"

फ्रोसोने रुमालाऐवजी धुपाचे भांडेच तोंडाशी नेले, तिला खोकला आला, आणि त्या खोकल्यातच ती रडू लागली.

पुढे काय होते ते त्या माणसाने सांगितले. अशांना वरच्या उतारावर पुन्हा पुरतात. तिथे संगमरवर नाही, नावाची लाकडी पट्टी असते. अंगावरचे सगळे आधी काढावे लागते. नाहीतर पुन्हा तेच. "आम्ही कापून काढतो. तुम्ही खाली ऑफिसपाशी बसा, आजी. हे बघवत नाही."

"मी गुंडाळलं, मीच सोडवते. कात्री द्या."

"आजी..."

"आयुष्यात त्याचे कपडे दुसऱ्या कोणी धुतलेसुद्धा नाहीत."

हे खरे नव्हते. वर्षानुवर्षे ते फ्रोसोने धुतले होते. फ्रोसोने त्या माणसाकडून कात्री घेऊन तिच्या हातात ठेवली.

मी तोंड फिरवले. मला कात्रीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. जाड कापडातून ती सावकाश चाले, अडे, पुन्हा चाले. एका ठिकाणी बराच वेळ आवाज आला नाही. नंतर झाबेताचा आवाज आला, घरातल्या घरात बोलावे तसा: "जरा हात सोड. सोड हात. झालंच." मी वळून पाहिले तेव्हा तिने आणलेले पांढरे कापड त्याच्यावर पसरलेले होते. ते अस्थींच्या मापाचे होते. गळ्यापासून गुडघ्यांपर्यंतच पुरले.

वरच्या उतारावर त्याला ठेवून झाल्यावर तिने विचारले, "आता कधी?"

"दोन वर्षांनी बघू. कदाचित तीन. इतका काळ कोरडा राहिलेला माणूस सावकाश घेते माती."

"मी नसेन बहुतेक."

"मुलं?"

तिने नकारार्थी मान हलवली. त्याने फ्रोसोच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि पुढचे विचारले नाही. पण त्याची नजर अभावितपणे भिंतीपाशी गेली. तिथे सिमेंटच्या चौथऱ्यावर लोखंडी झाकण होते. झाबेता त्या नजरेमागोमाग चालत गेली.

"ज्यांना न्यायला कोणी येत नाही ते इथं?"

"हो, आजी."

"किती जण आहेत?"

"कोण मोजतंय."

तिने झाकणावर हात ठेवला. ते उन्हाने तापले होते. "गरम आहे," ती म्हणाली, आणि ते ती कशासाठी म्हणाली हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

दोन दिवसांनी मी तिला बोटीवर बसवायला गेले. मोस्खाला मी फोन करून सगळे सांगितले होते, धक्क्यावर कोणी येऊ नये असेही सांगितले होते. तरीही बायका आल्या, असे मला नंतर कळले. वाइन आणली नव्हती, धूप नव्हता. नुसत्या उभ्या होत्या. मोस्खाने पुढे होऊन पिशवी तिच्या हातातून घेतली आणि विचारले, "बोट लागली का?" ती म्हणाली, "लागली." एवढेच बोलणे झाले, आणि मोस्खाच्या तोंडून इतके थोडे शब्द निघाल्याची नोंद बेटाने घेतली.

त्या शरद ऋतूत झाबेता पाद्री याकोवोसांकडे गेली आणि म्हणाली, की फळीवरची जागा रिकामी ठेवू नका. मोस्खाच्या भावाची पेटी खाली जमिनीवर आहे, तिला ओल लागतेय, ती तिथे ठेवा. पाद्रीबुवांनी तिची समजूत घालून पाहिली. मोस्खा तर भांडली: "माझ्या भावाला कोणाच्या आईबापांमध्ये झोपायचं नाही!" तरी पुढच्या पावसाआधी पेटी हलली. झाबेताने स्वतः तिच्यावरची धूळ पुसली.

पुढच्या ऑगस्टमध्ये मी गेले तेव्हा तिचा लाकडी पेटारा उघडा होता आणि पलंगावर कपडे मांडलेले होते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका मरणाचे कपडे वेळेवर तयार करून ठेवतात, तेच ते. काळा चमकदार पोशाख, मोजे, लेसची ओढणी. बहुतेक सगळे निकीतासने पिरेअसहून आणलेले.

"अर्गीरो, बरं झालं आलीस," ती म्हणाली. "तुझे डोळे चांगले आहेत. गळ्याशी बारीक लिहिलंय ते वाच."

मी वाचले. पॉलिएस्टर.

"हे?"

"हेही तेच, मावशी."

"मोजे?"

मोज्यांवर काही लिहिलेले नव्हते. तिने ते बोटांत चोळून पाहिले आणि खाली ढिगावर टाकले. पलंगावर शेवटी तिच्या आईच्या मागावरची एक सुती चादर उरली, धुऊन धुऊन जाळीसारखी झालेली.

मोस्खा दारातून बघत होती. "एवढ्याशा चादरीत जाणार? नवऱ्यानं आणलेला पोशाख सोडून? लोकांना वाटेल, भीक मागत मेली."

"वाटू दे. मला लवकर माती व्हायचंय."

"घाई कसली आहे गं तुला? कोण बसलंय तुला उकरायला?"

"म्हणूनच," झाबेता म्हणाली.

मोस्खा वळून आपल्या घरात गेली. मला राहवले नाही. मी म्हटले, "मावशी, निकीतासकाकांची वेळ होईल तेव्हा मी तिथंच असते. शाळेपासून दफनभूमी लांब नाही. मी..."

"म्हणू नकोस," ती म्हणाली. रागाने नव्हे. तिने चादरीची दोन टोके माझ्या हातात दिली आणि दुसरी दोन स्वतः धरली. "तू चांगली आहेस, म्हणशील. मनापासून म्हणशील. आणि मग मी पुन्हा वाट बघायला लागेन."